एका गांवांतील दोन दप्तरें

अमरावतीहून नांदगांव पेठेकडे जावें किंवा अकोल्याहून कोणत्याहि मोठ्या रस्त्यानें बाहेर पडावें, तों काळ्या जमिनींत रोवलेले पांढरे दगड दिसूं लागतात. जेथें कपाशी आणि तूर उभी असावयाची तेथें मुरमाचे रस्ते आंखलेले असतात व एका फलकावर नगराचें गोंडस नांव लिहिलेलें असतें. यांत आश्चर्य मानण्यासारखें कांहीं नाहीं. शहरें वाढतात, माणसांना घरें हवीं असतात आणि घरांना जमीन लागते. प्रश्न आहे तो निराळाच. शेत हें आतां शेत राहिलें नाहीं, ही गोष्ट कोणीं कोणास कळविली? महसूल कचेरीनें ग्रामपंचायतीस कळविली काय? ग्रामपंचायतीनें तलाठ्यास विचारलें काय? बहुतेक ठिकाणीं असें आढळतें कीं, प्रत्येकानें आपापल्या पुस्तकांत कांहींतरी लिहिलें, पण शेजारचें पुस्तक उघडून पाहण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं.

कौटुंबिक मासिकांत हा सरकारी विषय कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. आमचें म्हणणें असें कीं, हा विषय घराचाच आहे. आयुष्यभर नोकरी करून जमविलेला प्रॉव्हिडंट फंड बहुधा दोनच ठिकाणीं जातो. मुलामुलींच्या शिक्षणांत व लग्नकार्यांत, आणि उरला तर प्लॉटांत. एकत्र कुटुंबाची वडिलार्जित जमीन असली तर तिच्या वाटण्या, विक्री, वारसांच्या नोंदी यांवरून सख्ख्या भावांचे बोलणें बंद झाल्याचीं उदाहरणें वऱ्हाडांत गांवोगांव सांपडतात. या भांडणांच्या मुळाशीं मनुष्याचा लोभ असतो हें खरें. परंतु पुष्कळदां लोभापेक्षांहि दोन कचेऱ्यांचें मौन अधिक कारणीभूत असतें.

हें मौन कसें उत्पन्न झालें तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें आणि १८६१ पासून येथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व धारा ठरविण्यास आरंभ झाला. म्हणून शेजारच्या मध्यप्रांतांत मालगुजारी असतांना वऱ्हाडांत मात्र रयतवारी राहिली. पुढें १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें, १९२८ मध्यें वऱ्हाडाची स्वतंत्र जमीन महसूल संहिता झाली, १९५६ मध्यें हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. या सर्व उलथापालथींत राज्यकर्ते बदलले, कायद्यांचीं नांवें बदललीं, पण गांवच्या जमिनीची हकीकत एकाच माणसाच्या दप्तरांत असे. तो पटवारी. वऱ्हाडांतील वृद्ध माणसें तलाठ्यास आजहि पटवारीच म्हणतात. त्या जुन्या व्यवस्थेचे दोष कांहीं थोडे नव्हते. दप्तर घरांत, विद्या घरांत आणि सत्ताहि घरांत, यामुळें गरीब कुणब्याची कशी कुचंबणा होई हें आमच्या घरांतील जाणत्यांस ठाऊक आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. एवढेंच सांगावयाचें कीं, तेव्हां दप्तर एक होतें.

स्वातंत्र्यानंतर गांवास स्वतःचें राज्य मिळालें, आणि तें योग्यच झालें. १९५८ सालीं ग्रामपंचायतींचा कायदा झाला. वऱ्हाडांतीलच पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. त्या रचनेंत एक गोष्ट जाणूनबुजून करण्यांत आली. जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवण्यांत आलें. लोकांनीं निवडलेल्या संस्थेवर सरकारी अधिकाऱ्याची छाया पडूं नये हा त्यामागील उद्देश स्तुत्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, गांवांत दोन दप्तरें आणि दोन वाटा झाल्या. तलाठी हा तहसीलदाराचा, तहसीलदार उपविभागीय अधिकाऱ्याचा आणि तो जिल्हाधिकाऱ्याचा. ग्रामसेवक हा गटविकास अधिकाऱ्याचा आणि तो जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा. एकाच पिंपळाच्या पारासमोर दोन खोल्या. पण एका खोलींतून दुसरींत कागद जावयाचा तर त्यानें आधीं जिल्ह्याच्या गांवीं जाऊन परत यावें अशी ही सोय! २०२४ मध्यें शासनानें तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी व ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी अशीं नवीं नांवें दिलीं. नांवांत साम्य आलें. वाटा दोनच राहिल्या.

आतां शेतजमिनीचा प्रश्न घेऊं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालीं झाली व १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आली. शेताचा उपयोग शेतीशिवाय दुसऱ्या कामीं करावयाचा तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, अशी पद्धत तिनें घालून दिली. अर्जाची पोंच सात दिवसांत द्यावी, नव्वद दिवसांत निर्णय करावा, न केल्यास परवानगी मिळाली असें समजावें, अशा मुदतीहि कलम ४४ मध्यें घातल्या. याच परवानगीस आपण बोलतांना ‘एन.ए.’ म्हणतों. दुसऱ्या बाजूनें ग्रामपंचायतींच्या कायद्याच्या कलम ५२ नें असें सांगितलें कीं, गांवाच्या हद्दींत इमारत बांधण्यास पंचायतीची परवानगी हवी. म्हणजे जमीन कशासाठीं वापरावयाची हें एकानें ठरवावयाचें आणि तिच्यावर भिंती उभ्या कराव्या कीं नाहीं हें दुसऱ्यानें. दोघांनीं एकमेकांस विचारून चालावें, हें येथें कोणासहि सुचेल. पण जें सर्वांस सुचतें तें करण्याची जबाबदारी पुष्कळदां कोणाचीच नसते.

पुढें कायदा हळूहळू सैल होत गेला. २०१४ मध्यें संहितेंत कलम ४२-अ आलें. ज्या भागाचा विकास आराखडा अंतिम झाला आहे तेथें एन.ए.साठीं जिल्हाधिकाऱ्याकडे निराळा अर्ज करण्याचें कारण उरलें नाहीं. बांधकामाची परवानगी देणाऱ्या नियोजन प्राधिकरणानें महसूल खात्याकडून जमिनीचा वर्ग, धारणा आणि तिच्यावरील बोजे समजून घ्यावे व मग परवानगी द्यावी, असें ठरलें. जमीनधारकानेंहि वापर बदलल्यापासून तीस दिवसांत तलाठी व तहसीलदार यांस लेखी कळवावें, अशी अट घातली. कालांतरानें गांवठाणाच्या हद्दीपासून दोनशें मीटरांच्या आंतील जमिनींसहि अशीच सवलत मिळाली. लोकांचे हेलपाटे वांचावे या हेतूनें हें सर्व झालें, आणि त्या हेतूस आमचा विरोध नाहीं. परंतु यांतील मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. पूर्वीं दोन दारें होतीं. एका दारांतून चूक सुटली तरी दुसऱ्या दारीं ती अडण्याचा संभव असे. आतां एक दार काढून टाकलें आणि त्याच्या जागीं एक चिठ्ठी ठेविली. ‘समजून घ्यावें’ आणि ‘कळवावें’ या दोन शब्दांची चिठ्ठी. ही चिठ्ठी वेळेवर गेली नाहीं तर मधें अडविणारें कोणीच राहत नाहीं. परवानग्या जितक्या कमी होतील तितकें कळविण्याचें महत्त्व वाढतें, हें या सुधारणेंतील गृहीत आहे. तेंच व्यवहारांत विसरलें जातें.

एक कल्पित उदाहरण घेऊन हें स्पष्ट करूं. शहरापासून चार मैलांवर चार भावांची सहा एकर जमीन आहे असें समजा. दोघे भाऊ पुण्यास, एक नागपुरास, धाकटा गांवीं. धाकट्यानें रस्त्याकडील एक एकर विकण्याचें ठरविलें. एकराचे गुंठे चाळीस. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. रस्ते सोडून दीड-दीड हजार फुटांचे प्लॉट पाडले तरी दीड-दोन डझन गिऱ्हाइकें होतात. गांवांतील एका शिक्षकानें त्यांतील एक प्लॉट घेतला, चार खोल्या बांधल्या, विजेचें मीटर घेतलें. ग्रामपंचायतीनें घर दिसलें म्हणून घरटॅक्स बसविला आणि आपल्या नमुना ८ च्या वहींत त्याचें नांव लिहिलें. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर मात्र त्याच जमिनीवर सोयाबीनचा पेरा आणि चारहि भावांचीं नांवें कायम आहेत. शिक्षक दर वर्षीं कर भरतो, पावत्या जपून ठेवतो व निश्चिंत असतो. दहा वर्षांनीं मुलीच्या शिक्षणासाठीं बँकेकडे कर्ज मागतो, तेव्हां त्यास सांगण्यांत येतें कीं, कागदोपत्रीं हें घर शेतांत आहे आणि शेत त्याचें नाहीं! तिकडे पुण्याचा वडील भाऊ वाटणी मागावयास येतो तों शेताच्या एका भागावर वसाहत उभी. शिक्षक फसला, भाऊ दुरावले, आणि दोन्ही दप्तरें आपापल्या परीनें नियमाप्रमाणें लिहिलेलीं! यांत कोणाची नोंद खोटी होती? एकाचीहि नव्हती. दोन नोंदी एकमेकींस भेटल्या नाहींत, एवढाच काय तो दोष.

येथें एका गोंधळाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं, कारण सुशिक्षित घरांतहि तो सर्रास आढळतो. तलाठ्याकडे ‘८-अ’ नांवाचा उतारा असतो; एका खातेदाराच्या नांवावर गांवांत एकंदर किती जमीन आहे, तें त्यांत असतें. ग्रामपंचायतीकडे ‘नमुना ८’ असतो. ती कर आकारणीची यादी. दोन्ही आठच, पण एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं. प्लॉट विकणारा मध्यस्थ ‘आठचा उतारा आहे’ असें म्हणतो आणि घेणारा मान डोलावितो. वस्तुतः कराची पावती ही मालकीचा पुरावा नव्हे आणि बांधकाम कायदेशीर असल्याचाहि नव्हे. घर कसेंहि उभें राहिलेलें असो, त्यास दिवाबत्ती आणि पाणी लागतें, म्हणून पंचायत त्यावर कर घेते. परंतु त्या वहींत गट क्रमांकाच्या ठिकाणीं आंकडा लिहिला आहे कीं नाहीं, तें पाहणारे विरळा. आणि तो लिहिला असेल तर सातबाऱ्याशीं ताडून पाहणारे त्याहूनहि विरळा.

तिसरें दप्तर दुय्यम निबंधकाचें. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें प्रत्येक भागास एक प्रमाणभूत क्षेत्र ठरवून त्याहून लहान तुकडा पाडण्यास बंदी केली. २०२३ च्या ऑगस्टांत अकोला व रायगड वगळून बत्तीस जिल्ह्यांसाठीं जिरायतीस वीस गुंठे व बागायतीस दहा गुंठे असें प्रमाण नव्यानें जाहीर झालें. अमरावती त्यांत आली. आमच्या उदाहरणांतील शिक्षकाचा प्लॉट दीड गुंठ्याच्या आंतबाहेरचा. असें असतां गुंठ्यागुंठ्यांचीं खरेदीखतें नोंदविलीं जात. म्हणून नोंदणी महानिरीक्षकांनीं १२ जुलै २०२१ रोजीं परिपत्रक काढून मंजूर ले-आउट नसल्यास अशा खतांची नोंदणी करूं नये असें सांगितलें. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें ५ मे २०२२ रोजीं तें रद्दबातल ठरविलें. या वादाची कायदेशीर बाजू येथें चर्चिण्याचें प्रयोजन नाहीं. पण यांतून एक बोध घेण्यासारखा आहे. एका खात्यानें दुसऱ्या खात्याचें काम आपल्या खिडकीवर परिपत्रकानें करावयास जावें, ही कांहीं सहकार्याची रीत नव्हे. तुकडा पडला तो शेतांत. तो शेतांतच, पहिला दगड रोवला गेला त्या दिवशींच, कोणाच्या तरी नजरेस यावयास हवा होता. आणि ती नजर सरपंचाची, ग्रामसेवकाची व शेजारच्या शेतकऱ्याचीच असूं शकते.

न कळविल्याचा परिणाम म्हणजे वारंवार करावी लागणारी माफी. २००१ सालीं गुंठेवारी विकासाचा कायदा झाला व त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वींच्या वसाहती नियमित करण्याची सोय झाली. २०२१ मध्यें ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें नेली. तुकडेबंदीविरुद्ध झालेले व्यवहार नियमित करण्यासाठीं २०१७ मध्यें बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठरली, २०२४ मध्यें ती ५ टक्क्यांवर आली आणि २०२५ मध्यें निवासी भागांतील पूर्वींचे तुकडे मूल्य न घेतां नियमित करण्याचें शासनानें ठरविलें. ज्यांनीं घाम गाळून घर बांधलें त्यांस बेघर करावें असें कोणीहि दयाळू मनुष्य म्हणणार नाहीं. तेव्हां ही माफी आम्हांस निर्दय वाटत नाहीं. पण ज्यानें नियमानें नव्वद दिवस वाट पाहिली, रस्त्याला आणि मोकळ्या मैदानाला जागा सोडली, त्याच्या मनांत काय येत असेल? माफी एकदां केली तर ती करुणा. दर पांचसात वर्षांनीं करावी लागली तर ती कारभाराची साक्ष होय.

शिवाय नुकसान केवळ घर घेणाराचेंच होतें असें नाहीं. ज्याचें शेत शेत म्हणूनच राहणार आहे, त्या शेजाऱ्याचें काय? वऱ्हाडाची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. तिच्यावरून पाणी वाहून जाण्यास नाला मोकळा असावा लागतो. नाला बुजवून वा वळवून प्लॉट पाडले कीं वरच्या अंगाच्या शेतांत पाणी तुंबून तूर सडते आणि खालच्या अंगाच्या घरांत तें शिरतें. बैलगाडीची पांदण दोन्ही बाजूंच्या कुंपणांत आवळली जाते आणि ऐन हंगामांत ट्रॅक्टर जावयास वाट उरत नाहीं. पूर्णेच्या कांठच्या खारपाणपट्ट्यांत तर गोड्या पाण्याची विहीर म्हणजे वरदान. तेथें कोणतें शेत मोडावें आणि कोणतें राखावें, याचें ज्ञान जिल्ह्याच्या गांवीं टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्यापेक्षां गांवकऱ्यांस अधिक असतें. तें ज्ञान वर जावयास जागा नाहीं आणि वरचा निर्णय खालीं यावयास वाट नाहीं. नियंत्रण करणाऱ्याच्या हातीं कायदा आहे पण डोळे नाहींत. गांवास डोळे आहेत पण कायदा नाहीं. आंधळ्यापांगळ्याची जुनी गोष्ट आमच्या मुलांस पाठ असते. पण त्या गोष्टींतील दोघे निदान एकमेकांशीं बोलले तरी!

कचेऱ्यांची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. एकेका तलाठ्याकडे अनेक गांवांचा सज्जा असतो. ग्रामसेवकाकडेहि एकाहून अधिक पंचायती असतात. निवडणुका, पिकांचे पंचनामे, अनुदानांच्या याद्या, एक ना दोन. अशा माणसावर आणखी एक वही लादली तर तो ती वर्षाच्या अखेरीस एका बैठकींत भरून काढील. शिवाय पंचायतीस बोलावण्यांत धोकाहि आहे. गांवांतील तट, जुनीं वैरें, सरपंचाचा स्वतःचाच प्लॉटांत भाग असणें, हें सर्व आम्ही जाणतों. म्हणून निर्णयाचा अधिकार पंचायतीच्या हातीं द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. निर्णय ज्याचा त्यानेंच करावा. मात्र तो अंधारांत करूं नये आणि केल्यावर खिशांत ठेवूं नये.

परदेशांत या गोष्टीचा विचार कसा झाला आहे हें पाहण्यासारखें आहे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत डोंगराळ. शेतीस योग्य जमीन फार थोडी. तीहि शहरें गिळूं लागलीं तेव्हां १९७३ सालीं तेथें कायदा होऊन शेतजमिनीसाठीं स्वतंत्र आयोग नेमला गेला. सुमारें ४६ लाख हेक्टर, म्हणजे प्रांताच्या पांच टक्क्यांइतकी जमीन त्याच्या रक्षणाखालीं आहे. तेथील पद्धत अशी कीं, जमिनीचा वापर बदलण्याचा अर्ज सामान्यतः प्रथम गांवच्या वा शहराच्या संस्थेकडे जातो, ती आपलें मत जोडून तो आयोगाकडे पाठविते, निर्णय आयोगाचा. स्थानिक संस्थांचे आराखडेहि त्या कायद्याशीं विसंगत असतां कामा नयेत. जपानांत १९५२ च्या शेतजमीन कायद्याप्रमाणें वापर बदलण्याचा अर्ज गांवच्या शेतकी समितीमार्फत जातो आणि समितीच्या अभिप्रायासह प्रांताच्या गव्हर्नरपुढें येतो. दोन्हीकडे तत्त्व एकच: अधिकार एकाकडे, पण कागद दोघांच्या हातांतून. हीं राष्ट्रें श्रीमंत आहेत म्हणून तेथें हें जमतें असें कोणी म्हणेल. पण एक कागद शेजारच्या खोलींत पाठविण्यास श्रीमंती कशाला हवी?

आणि आपल्या कायद्यांतहि याचा नमुना आहेच. संहितेच्या कलम १५४ प्रमाणें खरेदीखत नोंदविलें गेलें कीं निबंधकानें त्याची सूचना महसूल खात्याकडे पाठवावयाची असते. आतां हें काम संगणकावरून होतें. खरेदीची वर्दी तलाठ्याकडे येते, फेरफार घातला जातो, चावडीवर नोटीस लागते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात. म्हणजे एका खात्यानें दुसऱ्यास आपण होऊन कळवावें, ही कल्पना आपणांस परकी नाहीं. जें मालकी बदलतांना होतें, तेंच जमिनीचा वापर बदलतांना ग्रामपंचायतीच्या बाबतींत कां होऊं नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

यासाठीं आम्ही चार साध्या गोष्टी सुचवूं इच्छितों. पहिली, शेतीचा वापर बदलण्याचा अर्ज ज्या कचेरींत येईल तिनें त्याची एक प्रत त्याच आठवड्यांत ग्रामपंचायतीस द्यावी, आणि नाला, पांदण, विहीर व वहिवाट यांविषयीं पंचायतीचें लेखी म्हणणें मुदतींत मागवावें. मुदतींत न आल्यास पुढें जावें. दुसरी, परवानगी दिली किंवा नाकारली तरी तो हुकूम पंचायतीच्या फलकावर लागावा व पुढील ग्रामसभेंत वाचला जावा. नकाराचा हुकूम तर अवश्य वाचावा, कारण प्लॉट घेणारा फसतो तो बहुधा नकार दडवल्यामुळें. तिसरी, पंचायतीनें नव्या घरावर कर बसवितांना गट क्रमांकाची जागा रिकामी ठेवूं नये, आणि उताऱ्यावर ‘ही नोंद केवळ करापुरती, मालकीचा पुरावा नव्हे’ असा ठळक शिक्का मारावा. चौथी, महिन्यांतून एक ठराविक दिवस तलाठी व ग्रामसेवक यांनीं एका टेबलाशीं बसून त्या महिन्यांतील फेरफार आणि नव्या करनोंदी ताडून पाहाव्या. गांवकऱ्यांस तेथें येऊन विचारण्याची मोकळीक असावी. यांतील एकाहि गोष्टीस नवा नोकर, नवी इमारत वा नवें खातें लागत नाहीं.

शहराच्या हद्दवाढीस तर हें अधिकच लागू आहे. अमरावतीस १९८३ मध्यें व अकोल्यास २००१ मध्यें महानगरपालिका झाली. २०१६ मध्यें अकोल्याच्या हद्दींत भोंवतालचीं गांवें घेण्यांत आलीं. हद्द एका दिवसांत बदलते, पण गांवच्या वह्यांतील घोळ त्या दिवशीं नाहींसा होत नाहीं. तो तसाच नव्या घरीं येतो. सून सासरीं येतांना तिच्याबरोबर काय आलें याची यादी आपण करतों. गांव शहरांत येतांना त्याच्याबरोबर कोणत्या वह्या आल्या, कोणत्या नोंदी सातबाऱ्याशीं जुळल्या, कोणत्या जुळल्या नाहींत, याची यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशीं व्हावी आणि ती नागरिकांस पाहावयास मिळावी.

सरकारनें काय करावें हें सांगून झालें. आतां घरानें काय करावें तें सांगतों, कारण सरकार जागें होईपर्यंत घर थांबूं शकत नाहीं. प्लॉट पाहावयास जाल तेव्हां फलकावरील नांव पाहूं नका. गट क्रमांक विचारा. त्या गटाचा ताजा सातबारा स्वतः काढा. मध्यस्थानें दिलेल्या नकलेवर विसंबूं नका. सातबाऱ्यावर किती नांवें आहेत आणि विक्रीखतावर किती सह्या होणार आहेत, तें मोजा. एन.ए.चा हुकूम असल्याचें सांगितलें तर त्याची तारीख व क्रमांक घेऊन कचेरींत पडताळा. त्याची गरज नाहीं असें सांगितलें तर कोणत्या कलमान्वयें नाहीं, तें लेखी मागा. मंजूर नकाशा व जागेवरील रस्ते जुळतात कीं नाहीं, हें पावसाळ्यांत जाऊन पाहा. नाला कोठें होता तें पाऊसच दाखवितो. उत्तर मिळेना तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दोन्ही कचेऱ्यांस एकाच दिवशीं एकच प्रश्न विचारा आणि दोन उत्तरें शेजारीं ठेवून वाचा.

ज्यांची जमीन वडिलार्जित आहे त्यांस एक अधिक विनंती. जमीन गुंठ्यांनीं विकण्यापूर्वीं ती भावांत रीतसर वांटून घ्या. तहसीलदाराकडून वाटणी करून घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. वारसांच्या नोंदी वेळेवर करा, आणि त्यांत बहिणींचीं नांवें लिहितांना हात आंखडूं नका. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यास २००५ मध्यें जी दुरुस्ती झाली तिनें मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. घरांतील स्त्रियांस हे कागद दाखवा. पुरुष गेल्यावर कागदांची पेटी उघडण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते, आणि त्या वेळीं सातबारा कोणता व घरटॅक्स कोणता हें त्यांस परक्याला विचारावें लागूं नये.

आपल्या एकत्र कुटुंबांची घडी ज्या कारणानें विसकटते तें कारण पुष्कळदां भांडण नसून न बोलणें हें असतें. थोरल्यानें कर्ज काढलें तें धाकट्यास कळत नाहीं, धाकट्यानें शेत गहाण ठेविलें तें थोरल्यास कळत नाहीं, आणि दोघेहि घराच्या हितासाठींच करीत असतात. कारभाराचें घरहि याहून निराळें नाहीं. महसूल खातें शेत राखूं पाहतें, पंचायत गांव वसवूं पाहते. दोघांचाहि हेतु चांगला आहे. येत्या ग्रामसभेस आमच्या वाचकांपैकीं जे गांवीं असतील त्यांनीं उठून इतकेंच विचारावें कीं, या वर्षांत आपल्या गांवांतील कोणत्या गटाचा वापर बदलला, आणि तो दोन्ही वह्यांत लिहिला गेला आहे काय? उत्तर आलें तर उत्तम. नाहीं आलें तर पुढील सभेस तोच प्रश्न पुन्हां विचारावा. दोन दप्तरांस एकमेकांकडे पाहावयास लावण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस तरी ठाऊक नाहीं.